सळई

नळी आहे, सळई नाही.
इंजिनाच्या मागच्या अंगाला, हात जेमतेम शिरेल अशा सांदीत
एक उघडं तोंड
आणि त्यात कोंबलेला निळ्या चिंधीचा बोळा.
गिअरचं तेल शेवटचं बघितलं बॉटिनोच्या त्या पोराने.
सळई काढून कुठेतरी बंपरवर ठेवली असणार,
आणि मी हायवेला लागले असणार, शीळ घालत.

व्हॅन एकोणनव्वदची. माझ्या धाकट्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी,
आणि त्याच्यापेक्षा जास्त वेळा वेळेवर आलेली.
मंगळवारी नि गुरुवारी तिच्यातून म्हाताऱ्यांची जेवणं जातात,
अठ्ठावीस डबे, एकशे चाळीस मैल.
शेवटचं दार इंगोल्फ हौगेचं. तो दर वेळी विचारतो,
आज तरी बटाट्यात मीठ आहे का, लोर्ना?

पंधरवडा झाला, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ती थबकते,
समोरच्याचं नाव आठवत नसताना
माणूस हात पुढे करतो तशी.
तेल कमी असेल.
जास्तही असेल.
बघायचं कशाने?

मायनॉटच्या दुकानात मुलीने वर्ष टाकलं, मॉडेल टाकलं,
पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, जरा हळवेपणाने.
'यायची बंद झाली. वायपर दाखवू का?'

म्हणून वेंडलिन फेचचं भंगार.
चाळीस एकर बर्फ, त्यातून वर आलेली टपं.
पावाची व्हॅन, प्लंबरची व्हॅन, लुथरन चर्चची व्हॅन
(आत अजून भजनांच्या वह्या, थंडीने लाकडासारख्या कडक).
बॉनेट उचलायचं, हातमोजा काढायचा,
बोटं बधिर व्हायच्या आत ओढायचं.
पहिली आखूड. दुसरी वाकडी.
तिसरीची मूठ हातात आली, बाकीची आतच राहिली.
चौथी चर्चवाल्यांची.
माझ्या नळीत ती सरसर उतरली, शेवटी टक् झालं.
मी म्हटलं, झालं काम!

वेंडलिनने मान हलवली.
'बसली म्हणजे खरं बोलेल असं नाही.
ही तीन गिअरवाल्याची. तुझा चार गिअरचा.
सव्वा इंचाने खोटं सांगेल,
आणि सांगेल अगदी ठासून.
त्यापेक्षा तुझा बोळा बरा. तो निदान गप्प बसतो.'

मग शेडमध्ये, डिझेलच्या भट्टीशेजारी,
त्याने सगळं जुनं तेल काढलं. लाल नव्हतं राहिलं,
करपलेल्या टोस्टचा वास येत होता.
पुस्तकात लिहिलंय तेवढं नवं ओतलं, क्वार्ट क्वार्ट मोजून,
ओठ हलवत, जर्मनमध्ये. आकडे तो अजून आजीच्या भाषेत मोजतो.
इंजिन चालू हवं, गरम हवं, जमीन सपाट हवी.
जमिनीचा तेवढा प्रश्न नाही आमच्याकडे.
गिअर सगळे फिरवून आणले, सळई बुडवली,
लाल जिथवर चढलं तिथे कानशीने एक खूण पाडली.
बोटभर खाली दुसरी.
'या दोहोंच्या मधे. बाकी तिच्यावर काय छापलंय ते वाचू नकोस.'

सळईचे पाच डॉलर. तेलाचे वेगळे.
खुणांचे काही सांगेना, म्हणून जास्तीचा एक डबा दिला.
उभ्यानेच खाल्ला त्याने, पान्ह्यांच्या फळीवर टेकून.
मग तोंड पुसून म्हणाला,
मीठ नाही.

आज मंगळवार. रग्बीच्या पुढे, धान्याच्या कोठारापाशी गाडी थांबवली,
इंजिन चालूच ठेवलं.
कारखान्याने कोरलेलं 'फुल' आहे तिथेच आहे,
कोरडं, सुबक, कुणालाही पटेल असं.
खाली त्याच्या दोन खुणा, एक थोडी तिरकी.
मधे ओलं लाल.
पुसली, परत घातली, टक्.
पुसायला तोच निळा बोळा.