बिडीच्या मापानं

जरंडीच्या फाट्यावर जीप थांबली तेव्हा अंधारच होता
आणि लुकमान तडवी मैलाच्या दगडावर येऊन बसलेले,
खांद्यावर कुऱ्हाड, पायात टायरच्या चपला.
"किती लांब हो चाचा?"
"वरच्या कोंडापर्यंत पाच बिड्या.
पुढं नुसता चढ. तिथं बिडी विझते."
डॉक्टरनं बिडी सोडायला लावून दोन वर्षं झाली.
माप तेवढं राहिलंय.

मी जालन्याची. सळईच्या कारखान्यात वजनकाट्यावर बसते.
भरली गाडी वजा रिकामी गाडी,
पावती फाडायची, पुढची घ्यायची.
अकरा वर्षांत एकही गाडी कुठं पोचली ते पाहिलं नाही.

दरीत सकाळ वरून उतरते.
आधी कड्याचा माथा तांबडा,
मग सालईची सोलपटलेली खोडं,
मग अंजनाची पानं, जोडीजोडीनं उघडी.
आमच्या पायांपर्यंत यायला तिला नऊ वाजले.
गवत कमरेएवढं, पिकलेलं. मोज्यांत कुसळं.
चाचा बोलत नव्हते.
मधूनच थांबायचे, चप्पल काढून
अनवाणी पाऊल दगडावर ठेवायचे,
निजलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवावा तसं,
मग म्हणायचे, "व्हय. हीच."
आम्हाला वाटलं, रीत असेल काही.

तिसऱ्या बिडीशी कडा खाली आलेला.
गेल्या पावसात कधीतरी, कुणाला न विचारता.
चाचांनी पाऊल ठेवलं, उचललं,
पुन्हा ठेवलं.
"हा दगड आपल्या ओळखीचा नाय."
दुसऱ्यावर. तिसऱ्यावर.
तेव्हा मी त्यांचे डोळे पाहिले, जवळून,
ताकाच्या निवळीसारखे.
वसुलीतला सुधन्वा माझ्या कानाशी म्हणाला,
पैसे आधी द्यायला नको होते.
कुणी हसलं नाही.
चाचांनी ऐकलं असावं. कान शाबूत होते.

शेळ्या आधी दिसल्या, मग झमकी.
दहा वर्षांची असेल, केसांत गवत,
हातात स्वतःहून उंच काठी.
"शाळा?"
"आज इतवार हाय ना."
वाट दाखवायचे काय घेशील, तर तिनं माझ्या खिशातलं
चार रंगांचं पेन मागितलं.
ज्यानं मी टनांवर टन लिहिले, ते.
दिलं.
ती पुढं, काठीचं मागचं टोक चाचांच्या मुठीत,
त्यांच्यामागं आम्ही सात
आणि आमच्यामागं, का कोण जाणे, एक काळी शेळी.

कोंडातलं पाणी थंड, दात दुखवणारं.
पुढचा चढ मी चवड्यांवर नि हातांवर काढला,
त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही.
माथ्यावर सगळे फोटोंना लागले.
चाचा दरीकडं पाठ करून काटा काढत बसले.
"ताई, काय दिसतंय सांगा."
म्हटलं, समोरचा कडा असेल तीनशे मीटर.
"ते नको."
मग मी गप्प. मग म्हटलं,
घार दिसतेय. तिची पाठ दिसतेय.
"पाठ?"
ती खाली आहे ना, आपण वर.
तांबूस, मधे गेरू सांडल्यागत.
चाचा हसले. सत्तर वर्षं पोटच पाहिलं म्हणाले तिचं.

"आमच्या पाड्यावर धूर दिसतो का?"
खूप खाली एक धूर होता.
तो त्यांच्याच पाड्याचा, हे मी कुठल्या आधारावर सांगणार?
काट्यावर मी कधी अंदाज लिहिला नाही.
दिसतो, म्हटलं.
"पांढरा का काळा?"
पांढरा. दाट.
काटा काढायचा थांबला.
"म्हंजे ओली लाकडं घातली तिनं.
सकाळी सांगितलं होतं सुनंला, सांगितलं होतं."
आणि उठलेच.

परतीची पाच बिड्यांची वाट
आम्ही साडेतीनमध्ये उतरलो.
पडलेल्या कड्यापाशी त्यांनी चप्पल काढली,
त्या नव्या दगडावर पाऊल टेकवलं,
क्षणभरच,
आणि तडक पुढं, सुनेवर बडबडत.