अंतर कुठून मोजायचं

तुर्भ्याच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर
पालक, माठ, मेथी, शेपू या चौघींसाठी
सकाळपासून नियम लिहिणं चालू आहे.
कलम सहा : नाल्यापासून वाफ्याचं अंतर.
गाडेकर साहेब म्हणतात, आठ मीटर.
महाप्याच्या प्रयोगशाळेतल्या बाई म्हणतात, तीस.
बाजारातला माणूस म्हणतो, अहो, तीस सोडले
तर वाफा खाडीपलीकडे मुलुंडला निघेल.
सगळे हसतात. चहा येतो.
इतिवृत्त माझ्याकडे, नमुनेही माझ्याकडे.
मी लिहिते : पंधरा?
आणि प्रश्नचिन्ह पेन्सिलीनं गिरवत राहते.

दुसऱ्या दिवशी गोठिवली.
टेप, बर्फाची पेटी, निर्जंतुक पिशव्या, हातमोजे.
बामीबाई केणी लाल माठात उकिडव्या बसलेल्या,
नखानं खुडत होत्या.
टेपचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी
नाल्याच्या काठाला नेलं.
खेकड्यांची बिळं, एक चप्पल, दुधाच्या पिशव्या.
एकोणीस मीटर! मी तिथूनच ओरडले.
बाईंनी टोक सोडलं नाही.
"आता ओहोटी हाय," त्या म्हणाल्या.
"पुनवेला ये. पानी तुज्याकरं चालत येतं.
तवा ही टेप कुठं लावशील?"
आणि पायाच्या अंगठ्यानं दाखवली रेघ
वाफ्याच्या आतच, तिसऱ्या सरीवर,
वाळलेल्या मिठाची, बारीक,
पांढऱ्या दोऱ्यानं टीप घालावी तशी.
तिच्या अलीकडचा माठ गुडघ्याएवढा,
पलीकडचा बुटका, कडांना करपलेला.

मी मसुदा काढून वाचायला घेतला.
कच्चं शेणखत कापणीच्या नव्वद दिवस आधी.
त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं.
माठ पंचवीस दिवसांचा.
"म्हंजे त्याच्या आयशीच्या आयशीला घालू?"
मला हसू आलं, मग आलं नाही.
शौचालय चारशे मीटरच्या आत.
या वेळी त्या बोलल्या नाहीत.
रस्त्यापलीकडच्या बावीस मजली टॉवरकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
"तू सकालपासून कुठं गेलीस?"
गेले नव्हते.
नमुन्यांच्या दिवशी मी पाणी पीत नाही.
हे कुठल्या कलमात बसतं, मला ठाऊक नाही.

नमुना बारा : माठ, पाच जागांहून, दोनशे ग्रॅम.
नमुना तेरा : नाल्याचं पाणी, भरतीपूर्वी.
निघताना एक जुडी हातात कोंबली.
पैसे घेईनात.
"ही तपासू नको. खा."

ऐरोलीला घरी आले.
जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रीजच्या तळाशी ठेवली.
तीन पाण्यांनी धुवावं, मला माहीत आहे.
जे पानाच्या आत शिरलं
ते तीन पाण्यांनी जात नाही, तेही माहीत आहे.
जुडी रेघेच्या अलीकडची की पलीकडची,
एवढंच विचारायचं राहिलं.
त्या रात्री बटाटा केला.
दुसऱ्या रात्री पिठलं.

तिसऱ्या दिवशी अहवाल.
तेरा वाईट. कुणालाच नवल वाटलं नाही.
बारा मर्यादेच्या आत, जेमतेम.
रात्री फ्रीज उघडला, कागद सोडला.
पानं काळी पडून एकमेकींना चिकटलेली,
देठांतून लाल पाणी सुटून
मेथीच्या भावाच्या बातमीवर पसरलेलं.

पुढच्या बैठकीत मी कलम सहा वाचलं :
अंतर पंधरा मीटर,
उधाणाच्या भरतीच्या रेषेपासून मोजावे.
खोलीत पंख्याचा आवाज.
गाडेकर साहेब म्हणाले, संदर्भ?
तक्त्यात त्यासाठी एक रकाना आहे.
मी लिहिलं : केणी, गोठिवली. तोंडी.
त्यांनी ते खोडलं नाही,
वाक्य मात्र उचलून तळटिपेत टाकलं,
सात नंबरच्या अक्षरात.

पौर्णिमा येत्या मंगळवारी आहे.
टेपचं दुसरं टोक धरायला
गाडेकर साहेबांना बोलावलंय.
येतो म्हणाले. मग दारापर्यंत जाऊन परत आले,
आणि विचारलं,
गमबूट लागतील का हो?