पुस्तकला

आजीचं नाव पुस्तकला.
कुणी ठेवलं, काय बघून, कोण जाणे;
मच्छीमार सोसायटीच्या रजिस्टरात नावापुढे
निळा अंगठा, तोही जरा फिसकटलेला.
सचिव एकदा हसला होता.
आजी म्हणाली, "हासू नोको बापू,
मी लिवाले नाही, आयकाले आहो."

कार्तिकात तळ्यावर पहाटे धुकं
आणि धुक्यात तिचा डोंगा.
शिंगाड्याच्या वेली उलट्या करताना
ती काटे चुकवायची नाही,
काट्यांनाच तिची सवय होती.
मोठ्या गंजात शिंगाडे उकळायचे,
तिच्या बोटांची पेरं महिनाभर काळी.
त्याच बोटांनी ती तांदळातले खडे वेचायची,
माझ्या डोक्यात तेल जिरवायची
आणि सोविंदाकाकाची कूस बदलायची
दर दोन तासांनी,
रात्रीसुद्धा, घरात घड्याळ नसताना.

काका राईसमिलच्या माळ्यावरून पडला
तेव्हा बावीस वर्षांचा होता.
तेव्हापासून त्याचं जग म्हणजे एक खाट,
वर कवेलू, आणि दारातून दिसणारी
डोमा उक्याची अर्धी म्हैस.
कुठली अर्धी, ते म्हशीवर अवलंबून.

मंडई भरली की आजी टोपली घेऊन निघायची.
दिवसभर शिंगाडे मापायचे,
गिऱ्हाइकांशी भांडायचं,
तहसीलच्या बाबूला मापात हमखास मारायचं,
आणि रात्री नाटक.
तिकीट काढून. पुढच्या रांगेत.
बुढीची एवढी एकच चैन, असं मला वाटायचं.

उजाडता परतायची, पोटऱ्यांपर्यंत धूळ.
तोंडही न धुता खाटेच्या कडेला बसायची,
"आयक सोविंदा, पडदा उघडला."
मग तिच्या नाकातून पेटी वाजायची,
पाटील खाकरायचा, नायिका हंबरडा फोडायची,
सारवलेल्या भुईवर हवालदार पाय आपटायचा.
तीन तासांचं नाटक चार तास चालायचं,
चूल थंड,
आई दारात उभी, राखेचा हात तसाच.

सातवीत असताना मीही गेले तिच्यासोबत.
थंडी, एक गोधडी दोघींत, समोर लाल-हिरवे दिवे.
नाटकात एक धाकटा भाऊ होता, पांगळा.
तिसऱ्या अंकात वहिनी त्याला घराबाहेर काढते
आणि तो सरपटत विहिरीकडे जातो.
पडदा पडला. बाया डोळे पुसत होत्या.
आजी रडली नाही. तिचे ओठ हलत होते,
बाजाराचा हिशेब लावताना हलायचे तसे.
परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही.
फक्त धुऱ्यावर एकदा थांबली, स्वतःशीच म्हणाली,
"नाही. तिथं मावशी आली पायजे."

आणि घरी, काकासमोर, मावशी आली.
कुठल्याच अंकात नसलेली,
भंडाऱ्याहून, एसटीनं,
गालात तंबाखू, जिभेवर शिव्या.
वहिनीला तिनं असं झोडपलं
की काका खोकला येईपर्यंत हसला.
पांगळ्यानं पुढे सायकलचं दुकान टाकलं,
हवा भरायचे पैसे तो पोरांकडून घेत नसे.
"पन आजी, तो तर..." मी म्हणाले,
आणि माझ्या तोंडात एक गार शिंगाडा आला,
सालीसकट.

आजीला जाऊन अकरा वर्षं झाली.
परवा काकाला सांगून टाकलं सगळं.
म्हणाला, "मले मालूम होतं.
डोमाची पोट्टी तेच नाटक पाहून यायची,
खरं काय झालं ते सांगून जायची."
मग बराच वेळ दाराकडे बघत राहिला.
म्हैस होती. त्या म्हशीची नात असेल.
"पन बुढीच्या नाटकात," तो म्हणाला,
"मी कवाच मेलो नाही."

मी उठले, त्याची कूस बदलली.
दोन तास झाले असतील.
घड्याळ बघितलं नाही.