खालच्या मजल्यावरून

नऊ वर्षं मी हे नृत्य
छतातून ऐकलं आहे.
त्रिमूर्तीनगर, पहिला मजला, पहाटे साडेपाच,
डोक्यावर तेजल बोरकुटेच्या टाचा.
दोनदा झाडूच्या दांड्यानं वर ठोकलंही;
तिनं तो ठोकाही तालात घेतला.

आज लक्ष्मीनगरच्या सभागृहात तिचं अरंगेत्रम.
बाहेर संध्याकाळीही बेचाळीस,
आत कूलरच्या वाळ्याचा वास, चौथी रांग,
आणि पहिल्यांदाच त्या पायांच्या वर
हात आहेत, डोळे आहेत.
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

वर्णम् सुरू झालं.
नावं मला येत नाहीत, पण ती जागा येते:
सरळ आठ, उलटे तीन, मग अडखळ,
मग बराच वेळ काहीच नाही,
फक्त पंखा.
मग पुन्हा पहिल्यापासून.
अख्खा उन्हाळा ती तिथंच अडायची
आणि मी खाली चहा गाळायचा थांबायचो.

खुर्चीचा हात घट्ट धरला.
सात. आठ.
एक, दोन

गेली की हो पुढे!
गुरूबाईंनी झांजांवरून मानसुद्धा वर केली नाही.

शेजारचे गृहस्थ वाकून म्हणाले, "मुलगी तुमची?"
"नाही जी," मी डोळे पुसत म्हटलं,
"आमचं छत."