नाहीतर

नवी पेठेतल्या अभ्यासिकेच्या दाराशी
आता फळ्याऐवजी स्क्रीन लावायचाय.
खिलारे सर म्हणाले, तूच कर, तुला येतं,
पैसे किती ते सांग,
आणि उत्तर न ऐकताच चहाचे कप धुवायला गेले.

एकशे चौदा नावं. एक यादी.
प्रत्येक ओळीला आधी प्रश्न विचारायचा,
मग रंग द्यायचा. एवढंच तर काम.

जर फी भरली असेल, तर हिरवा.
जर बाकी असेल, तर लाल. ठळक लाल, सर म्हणाले,
जिना चढतानाच दिसला पाहिजे.
सम क्रमांकाच्या ओळींमागे फिकट पट्टा,
म्हणजे वाचताना डोळा घसरत नाही.
शेवटच्या नावाखाली रेघ नको.
ती का नको? सरांनी विचारलं.
म्हटलं, खाली कोणीच नसतं ना,
कुणापासून वेगळं करायचं त्याला?

परीक्षेच्या आदल्या रात्री खोलीवरची मंदाकिनी
हमखास म्हणायची, आत्याबाईला मिशा असत्या तर...
आणि आम्ही हसत दिवा घालवायचो.
कटऑफ दोननं खाली आला असता तर.
तो बासष्टावा प्रश्न रद्द झाला असता तर.
चार वर्षं मी जर-तरवर काढली.
आता त्याचाच पगार मिळतो, बाणेरला, सातव्या मजल्यावर,
आणि मशीन एकदाही हळहळत नाही.
अट खरी किंवा खोटी. पुढची ओळ.

नावं भरायला चालू वर्षाचं रजिस्टर मागितलं,
सरांनी गठ्ठाच आणून टाकला.
नाव, गाव, खुर्ची नंबर: निळी शाई.
बाकीचा रकाना: शिसपेन्सिल.
दर वर्षी. फक्त तो एकच रकाना.
कितीतरी आकडे खोडलेले,
खोडताना कागद सोललाय तिथे बोटाला लव लागते.

खुर्ची सदतीस.
संजीवनी दराडे, पाटोदा.
तीन महिने, सातशेप्रमाणे, एकवीसशे.
खोडलेलं नाही. वरून शाईही फिरवलेली नाही.

दर महिन्याच्या पाच तारखेला सर दारात उभे राहायचे.
फी भरा पोरांनो, नाहीतर...
आम्ही पुस्तकात मान खुपसून
पुढच्या शब्दाची वाट बघायचो.
चार वर्षांत तो शब्द
मी एकदाही ऐकला नाही.

कोडमध्ये असं चालतं.
'नाहीतर' लिहून
पुढचा महिरपी कंस रिकामा सोडता येतो.
मशीन तिथे येतं, काही करत नाही, निघून जातं.

रात्री दोनला अट तशीच ठेवली,
फक्त लाल पुसला.
त्या जागी चार-पाच करडे लावून पाहिले.
पहिला सिमेंटसारखा, दुसरा मोबाइलच्या कव्हरसारखा.
शेवटी रजिस्टरचं पान स्क्रीनला टेकवून धरलं
आणि दोन्ही एक होईपर्यंत आकडे बदलत गेले.

सकाळी सरांनी चष्मा पुसून पाहिलं.
बाकीवाले कुठायत यात?
हे काय, तेवीस नंबर. हा एक्केचाळीस.
फार फिकट आहे गं, दिसत नाही नीट.
गडद करू?
बरेच वेळ बघत राहिले.
कर, नाहीतर... म्हणाले,
आणि टाकी भरली का बघायला गच्चीवर गेले.

बिलाचं मी काही बोलले नाही.
एकवीसशेचं त्यांनी.