रकाना नववा

वेंगुर्ल्याच्या वर, सड्यावर,
जांभ्याच्या चिऱ्यांची आमची बैठी इमारत.
पाटी आहे : गणित संशोधन संस्था, विद्यापीठ उपकेंद्र.
खाली कुणीतरी कोळशाने लिहिलंय : पाढे इथे मिळतील.
ते आम्ही पुसलेलं नाही.

मी इथली कनिष्ठ लिपिक.
खडूंची मागणी मी लिहिते.
खारा वारा खडूत शिरतो,
ओले खडू फळ्यावर नुसते घसरतात, उमटत नाहीत,
म्हणून साठा मी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवते.
लेखापरीक्षकांनी विचारलं होतं,
तांदूळ कुठल्या शीर्षाखाली?
मी म्हटलं, खडू.

वझलवार मॅडम अकरा वर्षं एकाच सिद्धतेवर.
यवतमाळहून आल्या तेव्हा
बंदरावरून जाताना पदर नाकाला लावायच्या.
आता टेबलाखाली चपला काढून
अंगठ्याने फरशीवर काहीतरी गिरवत बसतात, तासन् तास,
आणि मध्येच विचारतात,
"तारका, आज वार कुठला?"

तो मंगळवार होता.
फळ्यासमोर सहा जण.
आरोंद्याची ग्लेंडा, दुसऱ्या वर्षाची,
चर्चमध्ये गाते, इथे बोलत नाही,
तिने अर्धाच हात वर केला.
"मॅडम, ज्याने आपण भागलंय...
ते शून्य तर नसेल ना?"

पंखा फिरत होता.
मी हजेरीपट घेऊन दारात.
मॅडमनी फळा पाहिला,
चष्मा काढून पाहिला,
चार पावलं मागे, खिडकीला पाठ टेकेपर्यंत जाऊन पाहिला.
"असू शकतं," म्हणाल्या.
मग बऱ्याच वेळाने,
"म्हणजे गेलं."

एकशे बारा पानं.
एक्केचाळिसावं, ओळ चौथी.
ग्लेंडा रडायला लागली,
तिच्या हातात त्यांनी खडू दिला
आणि मला विचारलं,
"बांगड्याचं तिखलं कसं करतात गं?
तिरफळं मोजून घालायची का?"

मार्चअखेर, वार्षिक अहवाल.
रकाना सातवा : मंजूर निधी.
आठवा : झालेला खर्च.
नववा : निष्पत्ती.
मी "निरंक" लिहिलं
आणि शाई वाळायच्या आत
बाबा आठवले.

बाबा तांडेल. नकाशा कधी हातात धरला नाही.
जे ठाऊक होतं त्यातलं निम्मं "नको"चंच होतं.
दीपगृह आणि मांडवीवरचा वाकडा माड
एका रेषेत आले की सुकाणू फिरवायचे :
"थंय खडप आसा पाण्याखाली. थंय जाव नको."
एवढी एक ओळ,
आजोबांची होडी देऊन घेतलेली.
वाटण्या झाल्या तेव्हा
थोरल्याने इंजिन घेतलं, धाकट्याने जाळी,
मला पितळी समई आली.
ती ओळ मात्र सगळ्यांना अख्खी मिळाली.
तिला भागावंच लागलं नाही.

निरंक खोडलं.
खोडलं की बाजूला सही लागते, ती केली.
लिहिलं :
पान ४१, ओळ ४. इथून वाट नाही.

महिन्याने विद्यापीठाचं पत्र.
निष्पत्ती मोजता येईल अशा स्वरूपात कळवावी.
मॅडमना दाखवलं.
बोटांना हळद तशीच होती, डब्यातला मासा अर्धा.
"मोजता येईल अशी?" त्या म्हणाल्या,
"मग लिही, एक."

पलीकडच्या खोलीत ग्लेंडाचा आवाज,
फळ्याशी बोलतेय, अजून दबकतच :
समजा, ते शून्यच आहे.
समजा, ते शून्यच आहे, तर...

यंदा खडूंचे खोके मी दुप्पट मागवलेत.
तांदूळही.