दहा फूट

नियम साधा आहे: भट्टी आणि लाकूडकाम
यांच्यात दहा फूट.
क्लीटस बारफील्ड टेपचं दुसरं टोक धरून उभा,
वय एक्क्याऐंशी. हात थरथरतो, टेप नाही.
नऊ फूट दोन इंच.
पुन्हा मोज, म्हणतो. पुन्हा मोजते.
टेक्सासच्या ऑगस्टात सगळंच पसरतं,
डांबर, पत्रे, माणसांचे आवाज.
दहा इंच मात्र दहा इंचच राहतात.

एकसष्ट दिवस पाऊस नाही.
कचरा जाळायचा नाही, कुंपण जोडताना
ठिणगी उडवायची नाही.
मांस धुरवायला मुभा आहे, पण झाकण बंद,
धुराड्यावर जाळी, नळाला पाइप जोडलेला,
राख लोखंडी डब्यात, वर पाणी.
राखेचं लोकांना कळत नाही.
वेल्डा प्रूइटनं थंड झाली म्हणून
पुठ्ठ्याच्या खोक्यात भरली. चौथ्या दिवशी
गॅरेज गेलं, कोठार गेलं, दोन शेळ्या गेल्या.
आमचा मोठा बंब तेव्हा बावीस मैलांवर.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.
शेळ्या मी ओढून काढल्या.
तेव्हापासून टेप खिशातच असते.

भट्टी विटांची. चौसष्ट साली
क्लीटसच्या थोरल्या भावानं
रेल्वेच्या पडक्या गोदामातून विटा आणून रचली.
ती हलणार नाही.
पडवी मागाहून पुढे वाढवलेली,
कारण ओझेलाला धुराजवळ बसायला हवं असायचं
आणि ऊन सोसायचं नाही.
उद्या तिला जाऊन वर्ष होईल.
चर्चमधून चाळीस माणसं येणार.
ब्रिस्केटला चौदा तास लागतात;
आता दुपारचे चार.

दंडाची वही मी बाहेर काढत नाही.
आतही ठेवत नाही.
तो शेडमध्ये जातो. बराच वेळ
डबे सरकवल्याचा आवाज.
येतो तो करवत घेऊन.

एक फूट काप, मी म्हणते. काठावर राहू नकोस.
"तुझा बाप दुकानात दोरी विकायचा, ट्रेव्हिन्यो,
त्यानं कधी इंचभर जास्त दिली नाही.
तू मात्र जास्तीचं मागतेस."
खांबांपुढे आलेल्या फळ्या एकेक पडतात.
शेवटी कठड्याची,
हिरवा रंग, त्यावर चहाच्या ग्लासांची
एकात एक अडकलेली वर्तुळं.
ती उचलून तो भट्टीच्या तोंडाकडे बघतो.
नाही, मी म्हणते. रंगवलेलं लाकूड जाळायचं नाही.
कलम कुठलं ते विचारत नाही.
फळी भिंतीला टेकवून ठेवतो,
वर्तुळं बाहेरच्या बाजूला.

ओकची लाकडं पेटली तेव्हा सहा वाजले होते.
जाताना शेवटची अट वाचून दाखवली,
सगळ्यांनाच दाखवते:
विस्तव एकटा सोडायचा नाही.
जबाबदार प्रौढ व्यक्ती सतत जवळ हवी.
"प्रौढ," तो म्हणाला, आणि खोकेपर्यंत हसला.

पहाटे तीनला माझी गस्त त्याच गल्लीतून.
दिवे मालवून गाडी हळू नेली.
धूर सरळ वर जात होता, वारा नव्हता.
खुर्चीत तो. पायाशी पाण्याचा पाइप,
मांडीवर आडवी हिरवी फळी,
तिच्यावर एक ग्लास.
झोपला असेल वाटलं.

"अकरा फूट भरतं आता," अंधारातून आवाज आला.
"मोजून बघ हवं तर."

टेप खिशात होती.
मी गाडी बंद केली.